चादरीमागची जागा

इस्त्रीची चादर घरात येईपर्यंत कुणी मुद्द्याचं बोलणार नव्हतं, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. सून होऊन आली तेव्हापासून ती बघत होती. विषय जितका जड, तितकी ही माणसं आधी दुसऱ्याच कशावरून तरी भांडून घसे साफ करून घेत. अण्णा गेले त्या दुपारीसुद्धा दोघे भाऊ शटरच्या कुलपावरून वाद घालत बसले होते, आणि मग वाद मध्येच टाकून दोघंही रडले होते.

आज भांडायला खुर्ची सापडली होती.

"गादीची आहे," धाकटा सांगत होता. "हात टेकायला जागा, पाठीला उशी. पायाखाली घ्यायला स्टूलसुद्धा सांगून ठेवलंय मी."

"स्टूल?" नणंद म्हणाली. "सत्कार करणार आहात की फासावर देणार आहात?"

"ताई, तू ना..."

"विचारते आपली. पालिकेचा काय भरवसा."

ती नुकतीच बस डेपोत लावून आली होती. अजून ड्रायव्हरच्या निळ्या शर्टातच होती आणि बसचा आवाज अजून कानात असल्यासारखी सगळ्यांशी मोठ्यानं बोलत होती. अण्णा तिला तोफ म्हणत. लहानपणी लाडानं, पुढे पुढे जरा जपून.

माई खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसली होती आणि सोयीनं बहिरी झाली होती. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. नजर बाहेर, चौकाच्या दिशेला. तिथून खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. स्टेज उभं राहत होतं.

पुढच्या दुकानात त्या स्टेजचेच फलक वाळत ठेवले होते. थोरल्यानं ते आठवडाभर खपून काढले होते. 'शांततेचं शहर' असं प्रत्येकावर, खाली पालिकेचं चिन्ह. अण्णांच्या काळी या दुकानात अक्षर हातानं उतरत असे. अण्णा काना ओढताना श्वास रोखत आणि तो पुरा झाला की सोडत. मागे शिलाईच्या मशीनवर बसल्या बसल्या थोरलीला नुसत्या श्वासावरून कळे, किती अक्षरं झाली. आता छपाईचं यंत्र एका दमात अख्खा फलक बाहेर टाकी. थोरला त्याच्यासमोर हात बांधून उभा राही, पाहुण्यासारखा.

थोरली पडद्याला दुमड घालत होती. मशीनच्या आवाजाआड बसून माणसं ऐकणं तिला आवडे. कपडा कसा शिवलाय ते उलटा केल्याशिवाय कळत नाही, आणि माणसांचंही तिला तसंच वाटे. कोण कुणाच्या बाजूला किती वेळ टिकतो, हे तिला तोंडपाठ होतं. आत्ता दोघे भाऊ एकीकडे होते आणि नणंद एकीकडे. चहा होईपर्यंत हे टिकणार नाही, असा तिचा अंदाज होता.

"माझं म्हणणं एवढंच," धाकटा म्हणाला, "शेवट मानानं व्हावा. गेल्या महिन्यात काय झालं ते विसरलात का सगळे?"

कुणी विसरलं नव्हतं. दर शनिवारी तासभर हे घर कोरी चादर धरून चौकात उभं राही, एक टोक माईचं, दुसरं एके काळी अण्णांचं. गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी, चौकात उभ्या उभ्या माईचा गुडघा वळला आणि ती चादर अंगावर घेऊनच खाली बसली. चादरीमागे थोरली होती. तिला नुसतं एवढंच कळलं की हातातलं कापड एका बाजूनं सैल झालं.

"मी तेव्हा अण्णांचं टोक धरून होतो," धाकटा म्हणाला. "माझ्या डोळ्यांदेखत पडली ती. पुढच्या वेळी डोकं आपटलं तर? त्यापेक्षा आज स्टेजवर बसेल, लोक टाळ्या वाजवतील, चादर महापौरांच्या हाती देईल. चादर काचेत बसवून पालिकेच्या दारात लावणार आहेत. अण्णांच्या नावाची पितळी पाटी खाली. यात वाईट काय आहे ते सांग मला."

"आणि पुढच्या शनिवारी?" नणंदेनं विचारलं.

"पुढच्या शनिवारी काय?"

"पुढच्या शनिवारी काय धरून उभं राहायचं? पितळी पाटी?"

"अगं, उभं राहायलाच नको ना आता. तेच तर सांगतोय."

"हां. तेच तर मी पण सांगतेय. चादर काचेत, माई खुर्चीत, आणि चौक मोकळा. मग रुंदीकरणाची गाडी सुखानं आत. धुलाई गल्लीला घरं रिकामी करायच्या नोटिसा लागल्यापासून ती माणसं दर शनिवारी आपल्याशेजारी येऊन उभी राहतायत. म्हणून आठवण झाली तुझ्या महापौरांना अण्णांची. इतकी वर्षं कुठं होती ही माया?"

धाकटा पालिकेच्या माहिती कचेरीत कामाला होता. आजच्या कार्यक्रमाचं निवेदन त्याच्याकडेच होतं. छातीला लाल कागदी फुलाचा बिल्ला सकाळपासून लावलेला. त्यानं तो उगाच सरळ केला.

"गल्लीचं वेगळं आहे," तो म्हणाला. "त्याची फाईल वेगळ्या खात्यात आहे."

"माणसं तीच आहेत ना पण."

"दादा, तू सांग हिला."

थोरला दारात उभा होता. कुणी 'तू सांग' म्हटलं की हा माणूस आधी हात पुसतो, हे थोरलीनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवलं होतं. त्यानं हात पुसले.

"मला वाटतं, पुरे आता," तो म्हणाला. "माई दमलीय."

"फलक किती काढलेस रे दादा?" नणंद गोड आवाजात म्हणाली.

"त्याचा इथं काय संबंध?"

"काही नाही. छान निघालेत. सगळे एका मापाचे."

थोरला लाल झाला. मग विषय बदलायला म्हणून त्यानं धाकट्याला विचारलं, "ती पितळी पाटी म्हणालास, तिची अक्षरं कोण काढणार?"

"अक्षरं? ती मशीनवर कोरून येतात रे. कालच आलीये."

"अण्णांच्या नावाची?"

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"तुझ्याकडे एवढं काम होतं, म्हटलं..."

"अण्णांच्या नावाची पाटी," थोरला हळूच म्हणाला, "आणि ती मशीननं." बाहेर वाळत असलेले फलक त्याचेच होते आणि तेही मशीनचेच होते, ही गोष्ट त्या क्षणी त्याच्या ध्यानात नव्हती. थोरलीच्या होती, पण नवऱ्याचं असं काही उघड करायला ती बसली नव्हती. तिनं दोरा तोडला. चहा अजून व्हायचा होता आणि भावांची बाजू एका माणसानं कमी झाली होती.

"मग असं करू," थोरला एकदम म्हणाला. "माईला न्यायचंच नाही. स्टेजवर नाही, चौकात नाही. घरी झोपू दे तिला."

"काय?" धाकटा आणि नणंद एकदम म्हणाले, आणि एकमेकांकडे बघून दचकले. एका बाजूला येण्याची त्यांना सवय नव्हती.

"तिच्याशिवाय कार्यक्रम काय करायचा आम्ही?"

"तिच्याशिवाय चौक कसला? दादा, तुझं डोकं फिरलंय का?"

"ताई म्हणते ते बरोबर आहे," धाकटा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ऐकून पाणी प्यायला उठला.

थोरलीनं चहा टाकला.

* * *

चहा गाळत असताना इस्त्रीवाली आली. मागच्या दारानं, नेहमीसारखी. दोन्ही हातांवर चादर, वर स्वच्छ फडकं. गल्लीत तिच्या आईची इस्त्री होती, आता तिची होती. दर शनिवारी ही चादर गल्लीतून इस्त्री होऊन यायची, आणि त्याबद्दल कुणी कधी काही बोलायचं नाही, अशी ती जुनी रीत होती.

"घ्या वहिनी. मधली शिवण जरा नाजूक झालीय, तिथं इस्त्री हलकी फिरवली." मग तिचं लक्ष धाकट्याकडे गेलं. "साहेब पण इथंच आहेत वाटतं."

"साहेब काय म्हणतेस. बस की," धाकटा म्हणाला. लहानपणी दोघं एका बाकावर होते. तिनं त्याची शाईची दौत सांडली होती आणि मार यानं खाल्ला होता. घरात हे सगळ्यांना माहीत होतं.

"बसत नाही. निखारे घालून आलेय." ती उंबऱ्याशी घुटमळली. "एक विचारायचं होतं. पुढच्या शनिवारी इस्त्री करायची का नाही, तेवढं सांगा. म्हणजे मी त्या हिशेबानं कोळसा आणते."

नणंदेनं धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानं थोरल्याकडे. थोरल्यानं हात पुसले.

"पुढच्या शनिवारी आम्हीच तिथं असलो तर," इस्त्रीवाली पुढे म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता; दुकान किती वाजता उघडतं तसं तिनं ते सांगितलं. "सामान कुठं हलवायचं ते अजून कळलं नाही. पण चादरीचं आधी कळलेलं बरं."

"संध्याकाळी सांगतो," धाकटा म्हणाला.

"सांगा." ती गेली. तिच्या पायांचा आवाज गल्लीच्या फरसबंदीवर बराच वेळ ऐकू येत राहिला.

चादर टेबलावर होती. आता मुद्द्याचं बोलणं भाग होतं, तर कुणाला काही सुचेना. नणंदेनं मग धाकट्याच्या खिशातून डोकावणारं कार्यक्रमाचं पत्रक ओढून घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"'शहर पेटलं होतं तेव्हा एका अक्षर-कलावंतानं जाणीवपूर्वक कोरी चादर हाती घेतली. शब्दांच्या पलीकडच्या शांततेचं ते प्रतीक होतं.' हे तू लिहिलंस?"

"मग? चुकलंय काय?"

"नाही, सुंदर आहे. माई, हे बरोबर आहे का गं?"

माईनं गरम पाण्याची पिशवी बाजूला ठेवली. "काय बरोबर आहे का?"

"अण्णांनी चादर मुद्दाम कोरी ठेवली. प्रतीक म्हणून."

"प्रतीक कसलं," माई म्हणाली. "भांडण मिटलं नाही म्हणून कोरी राहिली."

पेल्यात बुडवलेलं बिस्किट थोरल्याच्या हातून चहात पडलं.

माई एरवी जुनं फारसं सांगत नसे. अण्णा सांगत, आणि दर वेळी थोडं वेगळं सांगत, म्हणून प्रत्येक मुलाकडे आपापली गोष्ट होती. माई फक्त म्हणायची, 'तेव्हा वाईट दिवस होते.' आज ती खुर्चीत सावरून बसली.

"दोन्हीकडची दुकानं जळाली होती. रस्त्याच्या ह्या बाजूचे त्या बाजूला जात नव्हते. आमच्या लग्नाला वर्ष नव्हतं झालं. हे म्हणाले, आपण चौकात जाऊन उभं राहू. मी म्हटलं, राहू. पलंगावरची चादर काढली, खाली जमिनीवर अंथरली. डबा उघडला, ब्रश भिजवला. आणि म्हणाले, 'भांडू नका' असं लिहितो."

"मग?"

"मी म्हटलं, 'कुणी जाळलं ते सांगा' असं लिहा."

नणंद हसायला लागली. तिचं हसणं बसच्या हॉर्नसारखं होतं, घरभर ऐकू जाणारं.

"हसू नकोस. चांगलं जुंपलं आमचं. हे म्हणाले, तू असं लिहिलंस तर उद्या आपलंही दुकान जाळतील. मी म्हटलं, तुम्ही तसं लिहिलंत तर ज्यांचं जळलं त्यांना गप्प बसवल्यासारखं होईल. ते ऐकेनात, मी ऐकेना. ब्रश वाळला. पुन्हा भिजवला, पुन्हा वाळला. शेवटी जायची वेळ झाली. यांनी चादर उचलली तशीच. मी दुसरं टोक धरलं, कारण ती माझ्या माहेरची चादर होती, एकट्याच्या हाती देणार नव्हते. अख्ख्या रस्त्यानं एकमेकांशी बोललो नाही. चौकात पण नाही बोललो. लोकांना वाटलं, मौन आहे."

आता तिघंही हसत होती. थोरला तर डोळे पुसत होता.

"राग होता तो?" धाकट्यानं विचारलं. त्याचं पत्रक त्याच्या मांडीवर पडलं होतं.

"मग काय? तासाभरानं चौकातले हेच आपले घड्याळजी आले, म्हणाले, वहिनी, तास झाला, आता घरी जा. तेव्हा कुठं मी यांच्याकडे बघितलं." माई थांबली. "पण गंमत अशी, की दुसऱ्या शनिवारी दोन्ही बाजूंची माणसं येऊन उभी राहिली. लिहिलेलं काही नव्हतं, त्यामुळे न पटायला काही नव्हतं. मग हे म्हणायला लागले, मी मुद्दामच कोरी ठेवली. मीही म्हणू दिलं. चांगलं दिसत होतं त्यांना."

"आणि तुला काय वाटतं, कुणाचं बरोबर होतं?" नणंदेनं विचारलं.

"माझं," माई म्हणाली. "अजून माझंच वाटतं. पण त्यांनी ते टोक कधी सोडलं नाही, म्हणून मीही माझं सोडलं नाही."

बाहेर माइकवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करून बघत होतं. अण्णांची रंगाची घोडी, जिच्यावर बसून ते खालच्या ओळी रंगवत ती बुटकी लाकडी बैठक, भिंतीला लागून होती. तिच्यावर सगळ्या जुन्या दुकानांचे रंग ठिपक्यांनी वाळले होते. थोरलीला त्यातले कितीतरी रंग ओळखता येत. तो हिरवा औषधांच्या दुकानाचा. तो पिवळा शाळेचा.

"माई, मग आज काय करायचं?" धाकटा शेवटी म्हणाला. "तू सांग. तू म्हणशील तसं."

माईनं मुलांकडे बघितलंच नाही. ती थोरलीला म्हणाली, "तू काय म्हणतेस?"

या घरात थोरलीला पुष्कळ गोष्टी विचारल्या जात. मीठ कुठं आहे, बटण कधी लावशील, गॅस बंद केला का. पण हे असलं कधी कुणी विचारलं नव्हतं. तिला आधी वाटलं, माई चहाबद्दल विचारतेय.

"मी?"

"इतकी वर्षं मागे उभी राहतेस. चादरीचं मध्ये सुटणारं पोट धरून. तुझे हात भरून येत असतील."

"येतात की." थोरलीनं पडद्याची घडी केली, ती नीट झाली नाही, पुन्हा केली. सगळे आपल्याकडे बघतायत हे तिला कळत होतं, आणि काहीतरी मोठं बोलावं असंही वाटत होतं, पण तिला खरं तेच आलं. "पण एक सांगू? आठवड्यातून तो एकच तास असा असतो की मला कुणी काही मागत नाही. तुम्ही सगळे गप्प असता. मी तिथं नुसती असते."

नणंद पुन्हा हसणार होती, पण हसली नाही.

"चौक मी कधी बघितलाच नाही," थोरली म्हणाली. "समोरून ऊन असतं. कापडावर सगळ्यांच्या सावल्या पडतात. त्यावरून मी ओळखते, कोण आलं, कोण नाही आलं. इस्त्रीवाली तिरकी उभी राहते. घड्याळजी पोक काढून. हल्ली सावल्या वाढल्यात. तो तास बंद झाला तर..." ती थांबली. "तर मला नाही आवडणार. एवढंच."

माई हसली. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली.

"मग चला," ती म्हणाली. "वेळ झाली."

"म्हणजे स्टेजवर ना?" धाकट्यानं विचारलं.

"तू पुढे हो. तुझं काम आहे," माई म्हणाली. "आम्ही येतो."

* * *

चौक भरला होता. दिव्याच्या खांबांना थोरल्याचे फलक, एका मापाचे. स्टेजवर गादीची खुर्ची, शेजारी काच लावलेली रिकामी लाकडी चौकट. चादरीची वाट बघत होती. महापौर पहिल्या रांगेत पाय हलवत बसले होते. गल्लीतली माणसं एका कडेला, नेहमीच्या जागी. त्यांना मागे सरका म्हणून कुणी सांगत होतं आणि ती थोडी थोडी पुढेच येत होती.

थोरल्यानं घोडी बगलेत धरली होती. घरून निघताना त्यानं ती उचलली तेव्हा कुणी काही विचारलं नाही. नेहमीच्या ठिकाणी, जुन्या पोस्टाच्या पायऱ्यांसमोर, त्यानं ती टेकवली, रुमालानं पुसली आणि माईला तिच्यावर बसवलं. या घरच्यांनी या जागी आजवर कधी बसून घेतलं नव्हतं. माईनं एकदा घोडीवर हात फिरवला आणि मग आपलं टोक मागितलं.

थोरली सवयीनं मागे जायला वळली.

"कुठं चाललीस?" माई म्हणाली. "ते टोक कोण धरणार? तो वर आहे."

"ते अण्णांचं आहे. हे धरतील की." तिनं नवऱ्याकडे बघितलं.

आता हा हात पुसणार, असं तिला वाटलं. पण थोरला म्हणाला, "मी माईला सावरून उभा राहतो. तू धर." अण्णांच्या माघारी ते टोक आपल्याला मिळावं म्हणून हा माणूस किती वर्षं मनात कुढत होता, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिनं टोक घेतलं.

वर धाकट्याचं निवेदन रंगात आलं होतं. आवाज त्याला अण्णांचा मिळाला होता, भरलेला. "या शहराच्या आठवणीत ज्या जोडप्यानं अढळ जागा मिळवली," तो म्हणत होता, "त्या आपल्या लाडक्या माई आता आपल्यामध्ये..."

त्याच वेळी नणंदेनं घडी सोडली आणि चादर उघडली.

वाऱ्यानं उडू नये म्हणून खालच्या दुमडीत भरलेल्या वाळूच्या नळ्यांनी ती एकदम खाली ताणली गेली. माई बसलेली, थोरली उभी, त्यामुळे चादर तिरकी झाली, एका अंगाला कललेली. मध्ये पोट सुटलं. मागे धरायला कुणी नव्हतं.

आणि चौक गप्प झाला.

कुणी सांगितलं नव्हतं. शनिवार होता, ही वेळ होती, आणि चादर उघडली होती. या चौकात इतक्या वर्षांत लोकांना तेवढं पुरे झालं होतं. वळणावर आलेल्या बसच्या कंडक्टरनं घंटीला लावलेला हात मागे घेतला. फुगेवाल्यानं पिपाणी खिशात टाकली. घड्याळजी टोपी काढून पोक सावरत उभे राहिले. घड्याळ त्यांनी कधीच बघितलं नव्हतं, तास त्यांना आतूनच कळे.

थोरली पहिल्यांदाच हा चौक समोरून बघत होती. सावल्यांना तोंडं होती. इस्त्रीवाली खरंच तिरकी उभी राहत होती, कडेवर कुणाचं तरी मूल घेऊन, म्हणून.

स्टेजवर धाकटा वाक्याच्या मध्यावर थांबला होता. 'आपल्यामध्ये' एवढं बोलून. तोंड अजून उघडं होतं. महापौरांनी हातानं खूण केली, चालू दे. त्यानं माइक जवळ घेतला. नोकरी होती, साहेब समोर होते, पुढचं वाक्य पाठ होतं. पण पाळण्यात असल्यापासून या माणसाला एकच गोष्ट न शिकवता येत होती: ही चादर उघडली की तोंड मिटायचं. त्यानं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा मिटलं.

महापौर अर्धवट उठले, आजूबाजूला बघितलं, आणि बसले.

मग धाकट्यानं माइक खुर्चीच्या गादीवर ठेवला. उशीपाशी, हळूच, आवाज होऊ न देता. छातीवरचा बिल्ला ओढून काढला, दोन्ही हातांत चुरगाळला आणि बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरला. लोकांनी वाट दिली. तो चादरीपाशी आला. माईकडे बघितलं, माई समोर बघत होती. आपल्या टोकाकडे बघितलं. तिथं वहिनी होती. थोरलीनं टोक थोडं पुढे केलं, घ्यायचं असेल तर घ्या, अशा अर्थानं. त्यानं नको म्हणून मान हलवली आणि चादरीला वळसा घालून मागे दिसेनासा झाला.

जरा वेळानं थोरलीच्या हातातल्या कापडाला ओढ लागली. चादरीचं पोट वर उचललं गेलं. नीट नाही, नवख्या माणसासारखं, एकदा जास्त, एकदा कमी. मग स्थिर झालं.

* * *

तास संपल्याचं घड्याळजींनी सांगितलं तेव्हा महापौर निघून गेले होते आणि काचेची चौकट उचलून गाडीत ठेवली जात होती. धाकटा पोस्टाच्या पायरीवर बसला होता. उद्या कचेरीत काय होईल हे त्याला माहीत नव्हतं, आणि गल्लीच्या दारांवरच्या नोटिसा होत्या तिथंच होत्या. नणंद त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि आपल्या डब्यातलं अर्धं सँडविच त्याला दिलं. त्यानं घेतलं.

"हात भरून येतात गं, वहिनी," तो थोरलीला म्हणाला.

"येतात," ती म्हणाली. तिचे स्वतःचे आज वेगळ्याच जागी दुखत होते.

थोरला माईला घोडीवरून उठवत होता. इस्त्रीवाली चादरीची घडी करायला पुढे आली. दोघींनी टोकाला टोक जुळवलं, आणि मध्येच इस्त्रीवाली थांबली. तिनं कापड उजेडाकडे धरलं. बरोबर मधोमध दोन लाल पंजे उमटले होते, फिकट, बोटांसकट.

"हे काय?"

"भाऊजींच्या हातात तो बिल्ला होता," थोरली म्हणाली. "घामानं रंग सुटला."

इस्त्रीवालीनं डागावरून अंगठा फिरवला, वास घेऊन बघितला. पायरीवर बसलेल्या धाकट्याकडे एक नजर टाकली. शाईची दौत तिच्याही लक्षात होती.

"निघेल?" थोरलीनं विचारलं.

"कागदाचा रंग आहे. निघायला वेळ खाईल," इस्त्रीवाली म्हणाली. "कधी पाहिजे?"

"शनिवारी," थोरली म्हणाली.

इस्त्रीवालीनं घडी पुरी केली, चादर छातीशी धरली आणि पायरीशी ठेवलेली कोळशाची पिशवी खांद्याला लावून गल्लीकडे वळली.